विमानातल्या थर्मल कॅमेऱ्यात वणवा स्पष्ट दिसत असेल, तर हवामानाच्या नोंदी कशाला लागतात?

मी कॅलिफोर्नियात नकाशे तयार करण्याचे काम करतो. वणव्यांच्या हंगामात रोज सकाळी सर्वांत आधी उघडावी लागते ती रात्रीच्या विमानाने टिपलेल्या आगीच्या सीमारेषेची फाइल. तुमचा प्रश्न मलाही सुरुवातीला पडला होता.

अमेरिकी वनसेवेची ही विमाने शक्यतो रात्री उडतात, कारण दिवसा उन्हाने तापलेला खडक किंवा पत्र्याचे छप्परही चित्रात चमकते. रात्री जमीन निवली की खरी आग वेगळी उठून दिसते. कॅमेरा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या, म्हणजे उष्णतेच्या किरणांच्या, दोन पट्ट्यांत पाहतो. सुमारे 3 ते 5 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या पट्ट्यात ज्वाला आणि निखारे प्रखर दिसतात, तर 8 ते 14 मायक्रॉनच्या पट्ट्यात साधी जमीन दिसते, आणि दोन्ही ताडून पाहिल्यावर फसवी उष्णता बाजूला काढता येते. धुराचे कण या तरंगलांबीपेक्षा बारीक असल्याने धुराआडची आगही दिसते, आणि तीनेक किलोमीटर उंचीवरून वीतभर रुंदीचा निखारा सापडू शकतो. दाट ढगांपुढे मात्र या यंत्राचे काही चालत नाही.

अडचण पुढेच आहे. रात्री दोन वाजता टिपलेली रेषा सकाळी सात वाजता पथकाच्या हाती पडते, तेव्हा ती पाच तास शिळी असते. वारा पडलेला असेल तर तेवढ्याने बिघडत नाही. 8 नोव्हेंबर 2018 रोजी मात्र कॅलिफोर्नियातल्या पॅरडाइज गावाजवळची ‘कॅम्प फायर’ नावाची आग पहाटे साडेसहाच्या सुमारास पेटली आणि दीड-दोन तासांत गावात शिरली. तिच्यात 85 माणसे दगावली. जी आग आदल्या रात्री नव्हतीच, तिचे चित्र कोणते विमान आणणार? त्या पहाटे जवळच्या जार्बो गॅप हवामान केंद्राने ताशी सुमारे 83 किलोमीटर वेगाचे झोत नोंदवले होते आणि धोक्याचा इशाराही आधीच निघालेला होता.

अशी दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे अमेरिकाभर आहेत. वारा, तापमान आणि आर्द्रता तर ती मोजतातच, पण मला सर्वांत आवडते ती काही केंद्रांवर उघड्यावर ठेवलेली पाइन लाकडाची अर्धा इंच जाडीची काडी. तिच्यातल्या ओलाव्यावरून जमिनीवरच्या वाळक्या काटक्या किती सहज पेटतील, याचा अंदाज येतो.

वाऱ्याचा वेग कळला तरी दिशा कायम राहील, असे धरून चालता येत नाही. 30 जून 2013 रोजी ॲरिझोनातील यार्नेल हिल येथे वादळी ढगांतून उतरलेल्या वाऱ्याने आगीचे तोंड फिरवले आणि 19 अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले.

म्हणूनच कॅलिफोर्नियात 2019 मध्ये सुरू झालेल्या फिरिस या उपक्रमात विमान उडत असतानाच सीमारेषा खाली पाठवते आणि सॅन डिएगोतील संगणक तिच्यावर वारा, ओलावा व उतार यांचे गणित मांडून आगीच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज देतो.

आपल्याकडे वनविभागाला मिळणाऱ्या इशाऱ्यांचा मुख्य आधार उपग्रह आहे. त्यातल्या व्हिअर्स संवेदकाचा एक ठिपका 375 मीटरचा असतो, त्यामुळे सह्याद्रीतल्या गवताच्या वणव्याने जाळरेषा (आग अडवण्यासाठी आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) ओलांडली की नाही, हे शेवटी वनरक्षकाला डोंगरावर जाऊनच पाहावे लागते.