दीडशे किलोंचा समुद्र : घरच्या प्रवाळ-टाकीबद्दल वाचकांचे प्रश्न

छोटी समुद्री टाकी घरीच उभारणाऱ्यांचे बरेच प्रश्न साठले होते. त्यांतले काही निवडून घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. लाकडी स्टँडबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त होते, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : ६० × ४५ × ४५ सेंटिमीटरची काचेची टाकी घ्यायची आहे. घरात अभ्यासाचं एक भक्कम टेबल आहे, त्यावर दोन माणसं बसली तरी हलत नाही. नवीन स्टँड खरंच हवा का?

आधी वजन काढू. दहा मिलिमीटर जाडीची काच असेल तर रिकामी टाकीच सुमारे ३० किलो भरते. पाणी काठाच्या जरा खाली ठेवलं आणि दगड-वाळूने अडवलेली जागा वजा केली, तर साधारण ९० लिटर पाणी मावतं. खारं पाणी गोड्यापेक्षा किंचित जड असतं, म्हणून ते ९२-९३ किलो धरा. दगड १२, वाळू १२. म्हणजे दीडशेच्या घरात.

दोन माणसांचं वजनही तेवढंच होईल, पण माणसं पाच मिनिटांनी उठतात. टाकी वर्षानुवर्षं तिथेच बसते. लाकडाचा स्वभाव असा की भार सतत राहिला तर ते हळूहळू वाकत जातं. टेबलाची फळी मधोमध दोन-तीन मिलिमीटर दबली तर डोळ्याला कळत नाही, काचेला कळतं. काच वाकत नाही. ती ताण साठवते आणि एक दिवस कोपऱ्यातून सोडते. शिवाय टेबलाचे पाय बहुधा बाजूने स्क्रूने जोडलेले असतात, आणि सतत पडणाऱ्या खाऱ्या थेंबांना ते किती दिवस पुरतील याचा भरवसा नाही.

तेव्हा स्टँड नवीनच करा. सुतारकामाची थोडी सवय असेल तर दोन सुट्ट्यांत होतो.

प्रश्न : मग स्टँडची रचना कशी असावी? सुतार म्हणतो, चार पायांना आडव्या पट्ट्या जाड स्क्रूने मारल्या की काम झालं.

तुमच्या सुताराला एकच विचारा : वजन लाकडावर बसणार आहे की स्क्रूवर? आडवी पट्टी पायाच्या बाजूला ठेवून स्क्रू मारले, तर सगळा भार त्या चार-आठ स्क्रूंवर लटकतो. पट्टी पायाच्या डोक्यावर बसवली, तर भार टाकीतून चौकटीत, चौकटीतून पायात आणि पायातून सरळ जमिनीत उतरतो. मग स्क्रूचं काम फक्त लाकडं जागेवर धरून ठेवण्याचं. हे एवढं सांभाळलं तर दोन इंच बाय दोन इंचाचे पायसुद्धा या टाकीला पुरून उरतात. उभं लाकूड दाबाला फार चिवट असतं. न सांभाळता लाकूड दुप्पट जाड वापरलंत तरी सांधा तेवढाच कच्चा.

वरची चौकट दीड ते दोन इंच जाड आणि साडेतीन-चार इंच उंच लाकडाची करा, पट्टी उभी ठेवून. फळी आडवी ठेवली की सहज वाकते, उभी ठेवली की वाकत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण स्टँड करताना नेमकं विसरायला होतं. स्क्रूच्या आधी बारीक भोक पाडा, नाहीतर टोकाशी लाकूड चिरतं. सांध्यात लाकडाचा वॉटरप्रूफ गोंद घाला आणि चौकट गुण्यात (कोपरे काटकोनात) आहे ना ते कर्ण मोजून पाहा. दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत.

आता बहुतेकांकडून राहतं ते. चार पाय आणि दोन चौकटी एवढाच सांगाडा वरून कितीही भार घेईल, पण बाजूने ढकलला तर पत्त्यांच्या घरासारखा तिरपा होतो. घरात कोणी धावत आलं, पोछा मारताना धक्का लागला, की टाकीतलं पाणी हेलकावे घेतं आणि प्रत्येक हेलकावा सांधे खिळखिळे करतो. उपाय सोपा आहे. मागच्या बाजूला १२ मिलिमीटर प्लायची एक अख्खी पाठ गोंद लावून, जवळजवळ स्क्रू मारून बसवा. वायरींसाठी तिला एक गोल भोक ठेवा. जमल्यास एका कुशीलाही तसाच तुकडा लावा. मग स्टँड हलवून बघा, फरक हाताला कळेल.

लाकूड कोणतं? कोरडं, सरळ आणि गाठी कमी असलेलं कोणतंही. भुशाच्या दाबून केलेल्या फळ्या मात्र नकोत. माझा पहिला स्टँड तसल्या तयार कपाटाचा होता. आठव्या महिन्यात तळाची फळी पाव भिजावा तशी फुगली आणि दार लागेनासं झालं. भरलेली टाकी उपसून रात्री अकरा वाजता जमिनीवर बादल्या मांडण्याचा अनुभव मी कोणाला सुचवणार नाही.

रंगाचे दोन-तीन हात द्या, पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी, आणि आतूनही द्या. प्लायच्या कापलेल्या कडा सर्वांत आधी भरा, कारण प्लाय पाणी पितं ते कडेनेच. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. रंग पूर्ण वाळून वास गेल्याशिवाय टाकी चढवू नका.

प्रश्न : टाकीखाली थर्माकोल घालायचा की नाही? दोघांनी दोन सल्ले दिले.

दोघेही बरोबर असतील. तळाची काच थेट स्टँडवर टेकणार असेल, तर खाली सारख्या जाडीचा फोम हवा. फळीवरचा एखादा खडा किंवा उंचवटा तो पोटात घेतो. टाकीला खालून प्लास्टिकची चौकट असेल आणि काच त्यात अधांतरी असेल, तर फोम घालू नका. तो मधून काचेला वर रेटतो.

फोम म्हणजे वाकड्या स्टँडवरचा इलाज मात्र नाही. पाणसळ लावून दोन्ही दिशांनी बघा आणि तिरकेपणा पायांखाली पाचर घालून काढा, टाकीखाली नाही. अर्धं पाणी भरून पुन्हा एकदा बघा.

प्रश्न : सम्प आणि स्किमर घेतल्याशिवाय प्रवाळ जगत नाहीत का?

जगतात. सम्प म्हणजे टाकीखाली ठेवलेली दुसरी टाकी, तिच्यातून पाणी पंपाने वर जातं. स्किमर म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली ‘नैसर्गिक पद्धत’ मांडली, तेव्हा त्यांच्या टाकीत समुद्रातला जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि प्रकाश एवढंच होतं. दगडाच्या छिद्राछिद्रांत राहणारे जिवाणूच खरी गाळणी. ९० लिटरला दगड, चांगला प्रवाह आणि आठवड्याला १० टक्के पाणी बदलणं पुरतं. सम्प घेतलात तर एक गोष्ट आधी तपासा : पंप बंद झाल्यावर वरून उतरणारं सगळं पाणी त्यात मावतं का. वीज गेल्यावर ते तपासण्यात अर्थ नाही.

प्रश्न : समुद्र जवळ असेल तर तिथलंच पाणी आणि वाळू का आणू नये?

किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी, तेल आणि गाळ काय आणि किती मिसळलं आहे ते डोळ्याला दिसत नाही. तयार समुद्री मीठ आणि आरओ-डीआय पाणी (क्षार काढून शुद्ध केलेलं पाणी) घ्या. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ लागतं. मीठ घालण्याआधी टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) शून्य दाखवत असेल तरच ते पाणी वापरा. क्षारता ३५ म्हणजे हजार भागांत ३५ भाग. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्याच प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलं तर वरच्या टोकाला तो खोटं बोलू शकतो.

प्रवाळ किंवा जिवंत दगड स्वतः समुद्रातून तोडून आणणं अनेक देशांत गुन्हा आहे, आणि सगळे कठीण प्रवाळ वन्यजीवांच्या व्यापारावरच्या सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचे तुकडे घ्या. बंद पाण्यात राहायची त्यांना सवयही असते.

प्रश्न : टाकी तीन महिन्यांची आहे. गरमीसाठी पंखा लावला, तेव्हापासून रोज पाणी लिटरभर उतरतं. मी रोज खारं पाणी तयार करून भरतो. दोन आठवड्यांपासून प्रवाळ उघडत नाहीत. तापमान तर २६ आहे. काय चुकतंय?

तुम्ही मेहनत घेताय, म्हणूनच चुकतंय. हवेत उडतं ते फक्त पाणी. मीठ सगळं टाकीतच राहतं. तुम्ही रोज एक लिटर खारं पाणी घातलंत, म्हणजे रोज ३५ ग्रॅम मीठ वाढवलंत. चौदा दिवसांत ४९० ग्रॅम. तुमच्या ९० लिटर पाण्याची क्षारता त्यामुळे ३५ वरून ४० च्या वर गेली असणार. मोजून बघा.

पंख्यात दोष नाही. दीड लिटर पाणी दिवसभरात उडून जातं तेव्हा ते साधारण ४० वॅटच्या हीटरएवढी उष्णता सोबत नेतं. छोट्या टाकीला याहून सोपं गारवायंत्र नाही. फक्त उतरलेलं पाणी गोड्या आरओ-डीआय पाण्याने भरायचं. काचेवर पातळीची खूण करा आणि रोज त्याच वेळी त्या खुणेपर्यंत भरा. हे जमत नसेल तर पातळी राखणारा छोटा स्वयंचलित पंप घ्या. माझ्या मते दिव्याच्या आधी त्याच्यावर खर्च करावा.

आता क्षारता एकदम खाली आणू नका. रोज सव्वादोन लिटर खारं पाणी काढून तेवढंच गोडं घाला, म्हणजे दिवसाला एकेक अंकाने उतरेल. प्रवाळ चढ सोसतात तेवढा झटक्याचा उतार सोसत नाहीत. पाच-सहा दिवस लागतील. तेवढ्यात अन्न कमी द्या आणि टाकीत हात घालू नका.

प्रश्न : पाचव्या आठवड्यात सगळं तपकिरी झालं. वाळू, काच, दगड. टाकी बिघडली का?

नाही, टाकी वयात येतेय. हे डायटम, म्हणजे तपकिरी सूक्ष्म शेवाळ. पाण्यात आणि नव्या वाळूत असलेलं सिलिकेट संपेपर्यंत ते राहतात. मग हिरवं शेवाळ येतं आणि बऱ्याच महिन्यांनी दगडावर जांभळी-गुलाबी खपली धरते. घासून काढायचं असेल तर काचेपुरतं घासा. शेवाळनाशक औषध मात्र घालू नका. अशा पुष्कळ औषधांत तांबं असतं. तेवढ्या तांब्याने मासा वाचतो, पण शंख, कोळंबी आणि प्रवाळ मरतात.

आधीचे चार ते सहा आठवडे अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट होण्यात जातात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय काही सोडू नका. तुमच्या पत्रात त्यांचे आकडे नव्हते.

प्रश्न : मंदारिन मासा आणि विदूषक मासे एकत्र चालतील का?

विदूषक माशांची जोडी चालेल. दोघांत जो मोठा असतो तो मादी होतो, म्हणून आकाराने वेगळे दोन घ्या. मंदारिन नको. तो दिवसभर दगडावरचे कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव टिपत असतो. एवढ्या टाकीतले संपले की तो सगळ्यांदेखत उपाशी मरतो.

प्रश्न : घेतलेल्या दगडावर तपकिरी बटणांसारखे प्राणी आहेत, फार पसरलेत. दगड उकळून काढला तर चालेल का?

अजिबात नको. इथे मला ठणकावून सांगायचं आहे. ती बटणं पॅलिथोआ (प्रवाळांचे नातेवाईक) असू शकतात आणि त्यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे विष असतं. हवाई विद्यापीठातल्या रिचर्ड मूर आणि पॉल शॉयर यांनी १९७१ मध्ये ते वेगळं काढल्याचं जाहीर केलं. जगातल्या सर्वांत जहाल नैसर्गिक विषांत त्याची गणना होते, आणि त्यावर उतारा नाही. दगड उकळला, गरम पाण्याखाली किंवा वाफेखाली धरला, कोरडा घासला, की ते हवेत उडतं आणि श्वासावाटे आत जातं. अशा प्रकारांत कुटुंबच्या कुटुंबं रुग्णालयात गेली आहेत.

हातमोजे आणि चष्मा घाला, दगड पाण्याखालीच ठेवून चिमट्याने बटणं खरवडा. सगळ्यांत बरं म्हणजे तो दगड अख्खाच काढून टाका. नंतर ताप, खोकला, बधिरपणा, तोंडात धातूची चव किंवा डोळ्यांची आग झाली तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि प्रवाळाचं विष असू शकतं हे आपणहून सांगा.

प्रश्न : कॅल्शियमसाठी चुन्याची निवळी वापरतात असं वाचलं. भिंतीला लावायचा चुना चालेल का?

निवळी उत्तम, भिंतीचा चुना नको. त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. लिटरला दीड ग्रॅम, ढवळून ठेवा, गाळ बसू द्या, वरचं स्वच्छ पाणी तेवढं घ्या. उडालेल्या गोड्या पाण्याच्या जागी हीच निवळी थेंब थेंब सोडायची, शक्यतो रात्री, कारण तेव्हा टाकीचा पीएच खाली गेलेला असतो. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. दीड लिटर पूर्ण जोराची निवळी ९० लिटरची अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता, ती डीकेएच या एककात मोजतात) जवळजवळ दोन डीकेएचने चढवते. नव्या टाकीतले चार-पाच प्रवाळ दिवसाला त्याचा लहानसा हिस्साच खातात. म्हणून पाव भाग निवळी, बाकी गोडं पाणी, असं सुरू करा आणि रोज मोजा. अल्कलिनिटी ८ ते ९ च्या मध्ये राहू द्या.

प्रश्न : स्टँडच्या आत प्लग-पट्टी बसवली तर चालेल?

चालेल, पण वरच्या बाजूला, आतल्या कुशीला आणि तळापासून उंच. प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळातूनच खाली टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. विजेची गळती पकडून वीज तोडणारा स्विच लावल्याशिवाय पंप सुरू करू नका. आणि टाकीत हात घालण्याआधी हीटर बंद करा. पाणी बदलताना तो उघडा पडला तर त्याची काच तडकते.