ताईंना विचारा : दगडच बघायचे तर मॉरिशसला कशाला?

ताई, नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत मॉरिशसचं ठरलंय. मी, यजमान, नववीतला मुलगा आणि सासूबाई. हॉटेल उत्तरेला ग्रँड बेला आहे. पॅकेजमध्ये एक दिवस गाईडसोबत ‘साउथ टूर’ आहे, सकाळी नेऊन संध्याकाळी परत. ती नको असेल तर पैसे कमी करून देतो म्हणतात. यजमानांचं म्हणणं असं, की ज्वालामुखीचं बेट म्हणजे काळे कातळ, ते तर घराच्या गच्चीतून दिसतात. पांडवलेणी चढून या, दगड फुकट. त्यापेक्षा बीचवर पडून राहू. मुलगा ज्वालामुखीसाठी हटून बसलाय. सासूबाईंना गंगा तलाव बघायचाय, पण गुडघे दुखतात. काय करावं?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

यजमान म्हणतात ते खरंच आहे. दगड तोच आहे. पांडवलेणी ज्यात कोरली तो बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड, काळाराम मंदिराचा चिरा तोच, ब्रह्मगिरी आणि अंजनेरी त्याचेच. मॉरिशसच्या दक्षिण टोकाला ग्री-ग्रीच्या कड्यावर उभं राहाल तेव्हा पायाखालीही बेसॉल्टच असेल. नुसता जातीने सारखा नव्हे, एकाच चुलीवरचा.

ही चूल कुठली, ते मुलाला जाण्याआधीच सांगून ठेवा. पृथ्वीच्या पोटातून एका ठिकाणी सतत उष्णता वर येत असते. भूगर्भशास्त्रज्ञ तिला रियुनियन हॉटस्पॉट म्हणतात. ती जवळपास जागच्या जागी असते, वरची जमीन मात्र सरकत राहते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताची जमीन तिच्यावरून जात असताना लाव्हा थरावर थर साचत गेला आणि आपलं दख्खनचं पठार तयार झालं. भारत उत्तरेकडे सरकत राहिला. त्याच्या मागे समुद्रात लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी रांग लागत गेली. मॉरिशस समुद्रातून वर आलं ते अगदी अलीकडे, म्हणजे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी. आज तीच उष्णता मॉरिशसच्या नैर्ऋत्येला सुमारे २०० किलोमीटरवरच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी वरचेवर उफाळतो. मॉरिशसचे ज्वालामुखी मात्र हजारो वर्षं थंड आहेत. लाल लाव्हा दिसेल अशा आशेने मुलगा निघाला असेल तर ती आशा विमानात बसण्याआधीच मोडा.

मग तोच दगड तिकडे जाऊन का बघायचा? वयासाठी. आपला कातळ म्हातारा आहे. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि पोकळ्या राहतात. आपल्याकडे कोट्यवधी वर्षं पाणी झिरपून त्या पोकळ्यांमध्ये झिओलाइटचे स्फटिक भरलेत. सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, ते याच स्फटिकांचं. जाण्याआधी मुलाला तिथे एक चक्कर मारून आणा. मॉरिशसला रस्त्याकडेचा कुठलाही काळा धोंडा बघा, पोकळ्या रिकाम्या असतात. करंगळीचं टोक आत जातं, कडा अजून खरखरीत लागतात. मुलाला दोन्हीकडच्या दगडांवर बोट फिरवायला लावा, भूगोलाच्या पुस्तकातली अर्धी पानं तिथेच कळतील. (जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे ही खोड जात नाही.)

आता टूरचं. तुमच्या पत्रातला ‘साउथ टूर’ हा शब्द वाचून मी सावध झाले, कारण मॉरिशसला या एकाच नावाखाली दोन वेगळे दिवस विकले जातात. एक डोंगराचा: क्युरपीपला थंड ज्वालामुखीचं मुख, वाटेत लाकडी जहाजांच्या प्रतिकृतींचं दुकान, मग गंगा तलाव, ब्लॅक रिव्हर गॉर्जेसची दरी, शामारेलचा धबधबा, सात रंगांची माती, रमचा कारखाना आणि परत. वाईट नाही, पण यात समुद्र गाडीच्या काचेतूनच दिसतो. दुसरा दिवस किनाऱ्याचा: सुयाक गाव, ग्री-ग्री, रोचेस्टर धबधबा, मग किनाऱ्या-किनाऱ्याने बे द्यु कॅप, माकोंडेचं वळण, ले मॉर्नचा डोंगर. ग्रँड बेला पाटीवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर येतो तो बहुतेक वेळा पहिला असतो, आणि फोटो मात्र दुसऱ्याचे लावलेले असतात.

तेव्हा एजंटला ‘काय काय दाखवणार?’ असं विचारू नका. थांबे क्रमाने लिहून मागा आणि प्रत्येक ठिकाणी किती मिनिटं तेही मागा. ग्री-ग्रीला दहा मिनिटं आणि जहाजांच्या दुकानात पाऊण तास असं निघालं तर ओळखा की दिवस कुणासाठी आखलाय. दुकान गाळायला सांगायला लाजू नका. चौघं आहात, मोठ्या बसच्या सीट घेण्यापेक्षा एक गाडी आणि ड्रायव्हर-गाईड करा. मग दोन्ही दिवसांतलं हवं ते एकत्र बांधता येतं. भाव ठरवताना रुपये म्हणजे कुठले रुपये ते आधी स्पष्ट करा. मॉरिशसचाही रुपयाच आहे आणि तो आपल्यापेक्षा बराच महाग आहे.

मी असते तर गंगा तलाव सकाळी, तिथून उतरून सुयाक, मग किनाऱ्याने पश्चिमेला ले मॉर्नपर्यंत आणि वेळ उरला तर वर शामारेल. ग्रँड बेपासून दक्षिण टोक गाठायला दीड तास सहज जातो, म्हणून आठला निघाच. निघायला साडेनऊ वाजले तर शामारेल विसरा.

ग्री-ग्रीला मात्र घाई करू नका. बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाचा कठडा आहे. मोठ्या लाटा त्यावर लांबच फुटतात, म्हणून तुमच्या हॉटेलसमोर पाणी निळं, उथळ आणि शांत दिसेल. ग्री-ग्रीला हा कठडा तुटलाय. खोल समुद्र सरळ कड्यावर येतो. पार्किंगपासून कड्यापर्यंत हिरवळ आहे, सुरूची झाडं आहेत, सासूबाई आरामात येतील. बाकावर बसवलंत तरी त्यांना सगळं दिसेल. लाट खाली कपारीत घुसते तेव्हा एक जड धप्प होतं. ते कानाला ऐकू यायच्या आधी तळपायांना कळतं. पाणी परत ओढलं जाताना कड्याचा काळा पाय उघडा पडतो आणि लाव्हाचे थर एकावर एक स्पष्ट दिसतात. यजमानांना नेमकं तिथे उभं करा. घाटातून जन्मभर येऊन-जाऊन जे थर आपण बघत नाही, ते इथे समुद्र दर मिनिटाला धुऊन दाखवतो. पोहणं इथे धोक्याचं आहे, तशी पाटीही आहे. खाली वाळूवर उतरलात तरी पाण्यात पाय घालू नका. मुलाला हे दोनदा सांगा.

तिथून थोडं चालत गेलं की ‘ला रोश की प्लर’ म्हणजे रडणारा कातळ लागतो. लाट ओसरल्यावर त्याच्या अंगावरून पाणी धारांनी गळत राहतं. सुयाकला रॉबर्ट एडवर्ड हार्ट नावाचे कवी राहत, त्यांचा चेहरा त्या कातळात दिसतो असं गाईड हमखास सांगतो. मला नाही दिसला, पण गाईडचा हिरमोड कशाला करा. ही वाट खडबडीत आहे, सासूबाईंना नेऊ नका.

रोचेस्टर धबधबा उंचीला काहीच नाही, सुमारे १० मीटर. इगतपुरीच्या पावसाळ्यात असे दहा दिसतील. इथे पाणी बघायचं नाही, त्यामागची भिंत बघायची: उभे, कोनदार खांब एकमेकांना चिकटून ठेवल्यासारखे. जाड लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि भेगा खाली उतरत गेल्या की असे खांब तयार होतात. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिला असेल तर तोच प्रकार. वाट दगडगोट्यांची आहे आणि ‘मदत’ करायला आलेली पोरं नंतर पैसे मागतात, ते आधीच ठरवा.

माकोंडेला रस्ता कड्याला वळसा घालतो. वर जायच्या पायऱ्या अरुंद आहेत, सासूबाईंना गाडीतच बसू द्या. पुढे ले मॉर्न, ५५६ मीटरचा एकटा कातळ, थेट समुद्रातून उठल्यासारखा. पळून आलेले गुलाम इथे लपत. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. ती बातमी द्यायला येणारे शिपाई आपल्याला धरायलाच आले असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या असं सांगतात. २००८ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. चढायची गरज नाही, खालून बघा.

शामारेलच्या सात रंगांच्या मातीबद्दल माझं मत जरा कडू आहे. फोटोत दिसते तेवढी ती भडक नसते आणि कठड्यामागूनच बघावी लागते. पण तीही बेसॉल्टचीच माती आहे. पावसाने विरघळणारं सगळं वाहून नेलं, मागे लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं राहिली, म्हणून हे तांबडे-जांभळे रंग. ऊन असेल तर जा, आभाळ असेल तर सोडा.

वाटेत उसाच्या शेतांमध्ये काळ्या दगडांचे प्रचंड ढीग दिसतील. गाईड बहुधा बोलणार नाही, तुम्हीच विचारा. ऊस लावण्यासाठी ते रान माणसांनी हाताने दगड वेचून मोकळं केलंय. आधी गुलामांनी आणि १८३४ पासून भारतातून करारावर नेलेल्या मजुरांनी, म्हणजे गिरमिटियांनी. त्यांत आपली कोकणातली माणसंही होती. ड्रायव्हर-गाईड मराठी घरातला निघाला तर नवल नाही. तिकडे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. आमचा ड्रायव्हर हिंदी बोलत होता, पण ढीग बघायला गाडी थांबवली तेव्हा म्हणाला, “माझे आजे रत्नागिरीकडले.” मग गाडी पुन्हा सुरू करायची त्याला काही घाई नव्हती.

ताई, गंगा तलावाला गोदावरीचं पाणी नेऊन वाहावं असं मनात आहे. चालतं का? आणि तो तलाव ज्वालामुखीच्या मुखात आहे हे खरं का?
– एक ज्येष्ठ वाचक, पंचवटी

खरं आहे. जुन्या ज्वालामुखीच्या मुखात पाणी साठून झालेला तलाव आहे, ग्रां बासें हे त्याचं फ्रेंच नाव. १९७२ मध्ये त्यात गंगाजल मिसळलं, तेव्हापासून गंगा तलाव. काठावर ३३ मीटर उंचीची शंकराची मूर्ती आहे. गोदावरीचं पाणी नेणार असाल तर लहान घट्ट झाकणाच्या बाटलीतून, चेक-इनच्या बॅगेत. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वर पाणी विमानतळावर काढून घेतात आणि मग भांडणात अर्थ नसतो. तलावावर गेल्यावर पुजाऱ्यांना विचारूनच वाहा. माकडं भरपूर आहेत, केळी आणि नारळ हातात उघडे धरू नका. महाशिवरात्रीच्या आसपास मात्र तिथे टूरने जाऊ नका. बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक कावडी घेऊन पायी येतात आणि गाड्या तासन्‌तास अडकतात. पायी चालायचं असेल तर तेव्हाच जा. पाय दुखेपर्यंत चाललात तरी वाटेत खाऊपिऊ घालणारे भेटतील.

मॉरिशसच्या टूरमध्ये जेवण ‘क्रिओल लंच’ लिहिलंय. आम्ही शाकाहारी. आणि कपडे कसे न्यावेत?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

क्रिओल लंच म्हणजे बहुधा मासे किंवा कोंबडी. शाकाहारी हवं ते बुकिंग करतानाच लिहून द्या, त्या दिवशी सकाळी सांगून उपयोग नाही, आणि अंडं चालत नसेल तर तेही वेगळं लिहा. नाहीतर लंच गाळायला सांगून वाटेत ढोल पुरी खा. ती आपली डाळपुरीच: पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेली मऊ पातळ पुरी, आत घेवड्याची रस्सेदार भाजी, टोमॅटोची चटणी, वर मिरची. एक मागितलीत तरी दोनची जोडी देतात. मिरची वेगळी मागा, ती नाशिककरांनाही झोंबते.

कपड्यांचं म्हणाल तर आपला पावसाळा तो तिकडचा हिवाळा. जून ते ऑगस्टमध्ये दक्षिण किनाऱ्यावर आग्नेयेचा वारा सपाटून वाहतो आणि क्युरपीपला धुकं-पाऊस कधीही येतो. विंडचीटर न्या, छत्री पहिल्याच झोताला उलटी होते. जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस, तेव्हा टूर रद्द झाली तर पैसे परत मिळतील का ते लेखी घ्या. चपला नकोत, बूट हवेत. ओला बेसॉल्ट किती निसरडा असतो ते पावसाळ्यात हरिहर किल्ला चढलेल्या कुणालाही विचारा.