वाचकांचे प्रश्न : कॅल्क्युलेटर चालतो, मग कोडमध्ये सुधारायचे काय?

(या सदरात आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप कराव्यात.)

प्रश्न : पायथॉनमध्ये कॅल्क्युलेटर लिहिला आहे. तो क्रिया विचारतो, दोन संख्या घेतो, उत्तर छापतो आणि पुन्हा सुरुवातीला जातो. एकूण ९० ओळी आहेत. सर म्हणतात, कोड सुधारा. चालतोय तर सुधारायचे काय? फक्त ‘+’ ऐवजी ‘बेरीज’ हा शब्दही चालावा म्हणून बदल केल्यापासून वजाबाकी निवडली तरी बेरीजच होते. – एक विद्यार्थिनी, नांदेड

वजाबाकी मागून बेरीज मिळत असेल तर ‘चालतोय’ म्हणणे धाडसाचे आहे! तुम्ही अट ‘इफ क्रिया == '+' ऑर 'बेरीज'’ अशी लिहिलेली दिसते. पायथॉन ‘ऑर’च्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासतो. उजवीकडे नुसती एक स्ट्रिंग (अवतरणचिन्हांतला मजकूर) आहे, आणि रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग खरीच धरली जाते. म्हणून अट कायम खरी ठरते आणि पुढच्या ‘एलिफ’पर्यंत प्रोग्राम पोचतच नाही. ‘इफ क्रिया इन ('+', 'बेरीज')’ असे लिहा.

आता त्या ९० ओळी. संख्या विचारण्याच्या ओळी ‘इफ-एलिफ’च्या चारही फांद्यांत पुन्हा पुन्हा आल्या असतील, तर त्या आधी बाहेर काढा. ‘संख्या_घ्या’ नावाचे फंक्शन करा (पायथॉन ३ मध्ये फंक्शन आणि चलांची नावे देवनागरीत चालतात). त्यात ‘व्हाइल ट्रू’चा लूप, आत ‘ट्राय’खाली ‘रिटर्न फ्लोट(इनपुट())’, आणि ‘एक्सेप्ट व्हॅल्यूएरर’खाली ‘संख्या नीट लिहा’ एवढा संदेश. नुसते ‘एक्सेप्ट’ लिहू नका. ते प्रोग्राम थांबवणारे कंट्रोल-सीसुद्धा गिळते, आणि मग या लूपमधून बाहेर पडायला विंडो बंद करण्यावाचून मार्ग उरत नाही.

टाइप केलेल्या मजकुराची दशांश संख्या करणारा ‘फ्लोट’ काय स्वीकारतो हे नेमके माहीत हवे. ‘१,५०,०००’ असे स्वल्पविराम देऊन लिहिले की तो अडतो; म्हणून आधी ‘रिप्लेस’ने स्वल्पविराम काढा. मराठी कळफलकावरून आलेले देवनागरी अंक त्याला बिनतक्रार चालतात. पण कोणी ‘नॅन’ किंवा ‘इन्फ’ ही इंग्रजी अक्षरे टाइप केली तर तीही चालतात, आणि पुढची सगळी उत्तरे बिघडतात. ‘मॅथ.इजफायनाइट’ने तपासून तसली संख्या परत पाठवा.

चार ‘इफ-एलिफ’ऐवजी एक डिक्शनरी (जोड्यांची यादी; ‘की’ दिली की तिची ‘व्हॅल्यू’ मिळते) ठेवा : चिन्ह ही की, आणि ‘ऑपरेटर’ मॉड्यूलमधले फंक्शन ही व्हॅल्यू. इथे हमखास होणारी चूक म्हणजे व्हॅल्यूच्या जागी ‘अ + ब’, ‘अ / ब’ अशी गणितेच लिहिणे. डिक्शनरी तयार होतानाच चारही गणिते होतात. त्यामुळे ५ + ० विचारले तरी भागाकाराची ओळ ‘झीरोडिव्हिजनएरर’ देते. फंक्शनचे नुसते नाव लिहा, पुढे कंस नको. कंस द्यायचा तो निवडलेल्या क्रियेलाच, डिक्शनरीच्या बाहेर.

हिशोब करणाऱ्या फंक्शनमध्ये ‘प्रिंट’ नको, ‘रिटर्न’ हवे. मग ‘असर्ट हिशोब(७, '-', २) == ५’ अशा पाच-सहा ओळींनी कीबोर्डला हात न लावता तपासणी होते; वजाबाकीची चूक तिथल्या तिथे सापडली असती. आणि ‘पुन्हा सुरुवातीला’ जाण्यासाठी ‘मेन’मधून ‘मेन’लाच बोलावत असाल तर ते बंद करा. प्रत्येक वेळी आधीचे बोलावणे मागे तसेच राहते आणि साधारण हजाराच्या आसपास ‘रिकर्शनएरर’ येते. तिथे ‘व्हाइल’ पुरे.

प्रश्न : ०.१ + ०.२ चे उत्तर ०.३०००००००००००००००४ येते. दुकानाच्या हिशोबाला हे कसे चालेल? – एक वाचक, सांगली

फ्लोट दोनच्या पायावर साठवला जातो आणि त्यात ०.१ नेमका बसत नाही, जसा दहाच्या पायावर १/३ बसत नाही. नुसते दाखवण्यापुरतेच हवे असेल तर ‘.१२जी’ हा फॉरमॅट ०.३ दाखवेल. पैशांसाठी मात्र ‘डेसिमल’ वापरा, आणि त्याला स्ट्रिंग द्या. ‘डेसिमल(फ्लोट(इनपुट()))’ लिहिलेत तर चूक आधीच आत आलेली असते.

हा बदल केल्यावर एक गोष्ट मोडते. चुकीच्या मजकुरावर ‘डेसिमल’ व्हॅल्यूएरर देत नाही, ‘इनव्हॅलिडऑपरेशन’ देतो. पहिल्या उत्तरातला ‘एक्सेप्ट व्हॅल्यूएरर’ ते पकडत नाही. भागाकारातही ५ / ० ‘झीरोडिव्हिजनएरर’मध्ये सापडतो, पण ० / ० निसटतो, कारण तिथेही ‘इनव्हॅलिडऑपरेशन’च येते. दोन्ही पकडा.

प्रश्न : २ + ३ * ४ असे एका ओळीत लिहून उत्तर मिळावे म्हणून ‘इव्हॅल’ वापरला. तो वाईट का? – एक शिक्षक, रत्नागिरी

‘इव्हॅल’ गणित सोडवत नाही, जे टाइप केले ते पायथॉन म्हणून चालवतो. त्यात फायली पुसणारी आज्ञाही आली. निव्वळ गणितानेही तो अडकतो : ९**९**९ (‘**’ म्हणजे घात) चे उत्तर ३६,९६,९३,१०० अंकी आहे. स्वतःपुरत्या प्रोग्रामला चालेल, वर्गातल्या मुलांच्या हाती देऊ नये.

संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांची १९६१ ची पद्धत इथे उत्तम. ओळीचे तुकडे पाडा. संख्या एका स्टॅकवर (शेवटी ठेवलेले आधी निघते अशा चळतीवर), चिन्हे दुसऱ्यावर. नवे चिन्ह आले की चिन्हांच्या स्टॅकवर वर असलेले चिन्ह त्याच्याहून वरच्या किंवा समान दर्जाचे आहे तोवर आधी ते सोडवत राहा. मगच नवे ठेवा. उघडता कंस आला की तो तसाच ठेवा, बंद कंस आला की उघडत्यापर्यंत सगळे सोडवा.

शाळेतला ‘कंचेभागुबेव’ इथे फसवतो. तो अक्षरशः घेऊन बेरजेला वजाबाकीच्या वर ठेवले, तर ८ - ३ + २ चे उत्तर ३ येते. बरोबर उत्तर ७. बेरीज-वजाबाकी एका दर्जाची, गुणाकार-भागाकार एका दर्जाचे, आणि समान दर्जात डावीकडून उजवीकडे. वरच्या नियमातला ‘किंवा समान’ गाळलात तरी हेच ३ मिळेल. संख्यांच्या स्टॅकवरून आधी निघते ती उजवीकडची संख्या. हे विसरले की ८ - ३ चे -५ होतात.

ऋण चिन्हाचे काय? ‘आधी शून्य घाला’ ही युक्ती सुरुवातीला चालते, पण ४ * -३ मध्ये ४ * ० - ३ होऊन -१२ ऐवजी -३ येते. उणे चिन्ह ओळीच्या सुरुवातीला, दुसऱ्या चिन्हानंतर किंवा उघडत्या कंसानंतर आले आणि त्याला लागून संख्या असेल, तर तुकडे पाडतानाच ते संख्येला चिकटवा.

प्रश्न : सी भाषेत दोन्ही संख्या घेतल्यावर प्रोग्राम चिन्ह विचारायला थांबतच नाही. – एक डिप्लोमा विद्यार्थी, लातूर

संख्येनंतर दाबलेला एंटर बफरमध्ये (टाइप केलेले वाचले जाईपर्यंत थांबते त्या जागेत) उरतो आणि एक अक्षर वाचणारा ‘%सी’ तोच उचलतो. ‘स्कॅनएफ’मध्ये ‘%सी’च्या आधी एक मोकळी जागा सोडा. तसेच संख्या ‘इंट’मध्ये घेतल्या असतील तर ७ / २ चे ३ येतील, ‘डबल’ घ्या आणि वाचताना ‘%एलएफ’ लिहा, ‘%एफ’ नाही.