हळद लाल करतो तो ‘क्षार’ की ‘आम्लारी’?

प्रश्न असा: साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो. आजी म्हणते ‘खारामुळे’, मुलाच्या पुस्तकात आहे ‘आम्लारीमुळे’. मग ‘हळद क्षाराने लाल होते’ असं लिहिलं तर बिघडलं कुठे?

निवाडा हळदीकडूनच करून घेऊ. टीपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. एका टोकाला मिठाचं पाणी लावा, दुसऱ्याला चुन्याची निवळी. मिठाकडे कागद ढिम्म पिवळाच राहतो, चुन्याकडे लाल होतो. मुरगळलेल्या पायावरचा हळद-चुन्याचा लेप लालभडक दिसतो तो यामुळेच. आपल्या पाठ्यपुस्तकांत मीठ हा ‘क्षार’ (इंग्रजीत सॉल्ट) आणि चुना ‘आम्लारी’ (बेस). तेव्हा पुस्तकी मराठीत तुमचं वाक्य चूक.

पण आजीही चुकत नाही. संस्कृतातला ‘क्षार’ म्हणजे मुळात वनस्पती जाळून राखेतून काढलेला तिखट, झोंबणारा पदार्थ. जव जाळून यवक्षार, म्हणजे आपला जवखार. (‘अल्कली’ हा शब्दही अरबीतून, तोही राखेचाच!) ‘क्षार’चा ‘खार’ झाला आणि मराठीत दोन घरी नांदू लागला: पापडखार, टाकणखार इकडे, खारट, खारे दाणे तिकडे. शास्त्रीय परिभाषेने ‘क्षार’ दुसऱ्या, मिठाच्या घरी दिला. हिंदीने तसं केलं नाही. तिथे मीठ ‘लवण’ आणि चुना ‘क्षारक’. हिंदीवरून उतरवलेल्या मराठी मजकुरात घोळ होतो तो इथे. पापडखार तर आणखी बेरकी: रसायनाच्या हिशेबाने क्षार, पण त्याचं पाणी आम्लारिधर्मी, म्हणून तोही हळद लाल करतो.

जाता जाता ‘दर्शक’बद्दल, म्हणजे रंग बदलून आम्ल की आम्लारी ते दाखवणाऱ्या पदार्थाच्या नावाबद्दल. हिंदीत दर्शक म्हणजे बघणारा, आपला प्रेक्षक. मराठीत दर्शक दाखवणारा. संस्कृतात दोन्ही अर्थ आहेत, वाटणी नंतरची. जास्वंद दोन्ही बाजू दाखवते, आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवट, हळद एकच. पिवळ्या हळदीवर लिंबू पिळलं तर काही कळत नाही. म्हणून तिला नुसतं ‘दर्शक’ म्हणण्यापेक्षा ‘आम्लारीदर्शक’ म्हणावं, असं माझं मत.

‘आम्लारी’ हा शब्द अनेकांना कृत्रिम वाटतो, मला आवडतो. आम्ल + अरी, आम्लाचा वैरी. साबणाने लाल झालेल्या डागावर लिंबू पिळून बघा, पुन्हा पिवळा होईल.