एका खुनापायी सारं जग का पेटलं?

प्रश्न : मुलीच्या पुस्तकात पहिल्या महायुद्धाचं तात्कालिक कारण म्हणून ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून एवढंच दिलंय. एका खुनावरून इतके देश लढतील हे तिला पटत नाही, आणि मला समजावून सांगता येत नाही. शिवाय आपल्याकडची माणसं त्यात कशी ओढली गेली?
– एक वाचक, कराड

उत्तर : मुलीला पटत नाही, हे मला फार आवडलं. हा धडा शिकवताना मी फळ्यावर आधी दोनच तारखा लिहायचे : २८ जून १९१४ आणि ४ ऑगस्ट १९१४. पहिली ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या बोस्नियातल्या सारायेव्हो शहरात झालेल्या खुनाची, दुसरी ब्रिटन युद्धात उतरल्याची. मधले ३७ दिवस, हाच खरा धडा.

त्या सकाळी युवराज फ्रान्झ फर्डिनांडवर टाकलेला बॉम्ब हुकला होता. पुढे त्याच्या मोटारीने चुकीचं वळण घेतलं, ती थांबली, आणि जवळच उभ्या असलेल्या गाव्रिलो प्रिन्सिप या १९ वर्षांच्या बोस्नियन सर्ब पोराने त्याला आणि त्याच्या बायकोला, सोफीला गोळ्या घातल्या. तरीही लगेच युद्ध झालं नाही. जुलैच्या सुरुवातीला जर्मनीने ऑस्ट्रियाला ‘काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत’ असा शब्द दिला. खुनामागे शेजारच्या सर्बियाचा हात असल्याचा ठपका ठेवून २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांची मुदत घालून मागण्या पाठवल्या. सर्बियाने बऱ्याचशा मानल्या. ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी सर्बियाच्या भूमीवर तपासात भाग घेणं तेवढं नाकारलं. ते उत्तर २८ जुलैला वाचून खुद्द जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्मने लिहिलं की आता युद्धाला कारणच उरलेलं नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं! हे मुलीला जरूर सांगा. खून टाळता आला नसता, तरी युद्ध टाळता आलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

पुढची सूत्रं सेनापतींच्या आणि रेल्वेच्या वेळापत्रकांच्या हाती गेली. सर्बियाची पाठराखण करणाऱ्या रशियाने ३० जुलैला सगळं सैन्य गोळा करायचा हुकूम काढला. जर्मनीची योजना आधी बेल्जियममधून जाऊन रशियाचा दोस्त असलेल्या फ्रान्सला हरवायचं, मग रशियाकडे वळायचं, अशी. म्हणून तिला थांबणं परवडेना. १ ऑगस्टला कैसर म्हणाला, सगळी फौज पूर्वेकडे, रशियावर वळवू. सेनापती मोल्टकेचं उत्तर होतं, लाखोंची फौज अशी ऐनवेळी वळवता येत नाही. ४ ऑगस्टला जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या. त्या देशाच्या तटस्थतेची हमी १८३९च्या तहात देणारं ब्रिटनही उतरलं.

आणि ब्रिटनबरोबर आपणही. व्हाइसरॉय हार्डिंगने इथे कुणालाही विचारलं नाही. दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले, सुमारे ७४ हजार परतले नाहीत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जर्मनीच्या बाजूने उतरलेल्या तुर्कांशी हिंदी फौजेची पुणे डिव्हिजन लढली, त्यात मराठा पलटणी होत्या. तिथल्या कूत-अल-अमारा गावात या डिव्हिजनला ७ डिसेंबर १९१५ला तुर्कांचा वेढा पडला. अन्न संपत आलं, घोडे कापून खायची पाळी आली. कित्येक शिपाई धर्मापायी ते मांस खाईनात. २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली. पुढे वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत हजारो गेले.

युद्ध संपेपर्यंत रशिया, जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या राजगाद्या गेल्या. तुर्कांची गादी चार वर्षांनी गेली. बसरा, बगदाद, मोसूल हे तुर्कांचे प्रांत जोडून ब्रिटिशांनी इराक उभा केला. आपल्याला १९१७मध्ये जबाबदार राज्यपद्धतीचं आश्वासन मिळालं आणि १९१९मध्ये विनाखटला डांबून ठेवणारा रौलट कायदा.

‘या गावातून महायुद्धाला इतके गेले, इतके कामी आले’ अशा पाट्या बऱ्याच गावांत आहेत. साताऱ्याकडे अपशिंग्यात तर स्मारकच आहे. तुमच्या भागातल्या चावडीवर किंवा देवळापाशी अशी पाटी असेल, तर मुलीला घेऊन जा, आणि त्यावरचे आकडे मला लिहून कळवा.