सड्यावरची जमीन, बाइकवाल्यांचे तंबू आणि बारा लाखांचं कर्ज

पत्र (थोडक्यात): मुलगा २२ वर्षांचा. आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेइकल केलं, दीड वर्ष चिपळूणला टू-व्हीलर सर्व्हिस सेंटरमध्ये आहे, पगार १४ हजार. गुहागर तालुक्यात सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर) आमची ४२ गुंठे जमीन आहे. थोडी काजूची झाडं, बाकी कातळ. ७/१२ वर चार नावं. मुंबई-पुण्याहून किनाऱ्याने गोव्याला जाणाऱ्या बाइकवाल्यांसाठी तिथे कॅम्पसाइट काढायची असं त्याच्या डोक्यात आहे. दहा मोठे सजवलेले तंबू, १२ लाखांचं कर्ज. मी म्हणतो मुंबईला जाऊन कायमची नोकरी बघ. हे काही करिअर आहे का?
– एक वडील, ता. गुहागर

उत्तर: नमस्कार. धंदा खरा आहे आणि जागा मोक्याची आहे. चुकलेत ते दहा सजवलेले तंबू आणि १२ लाख. या दोन गोष्टी बदलल्या तर मुलाला हो म्हणायला हरकत नाही.

आधी जागेबद्दल. किनाऱ्याने दक्षिणेला जाणारा मोटारसायकलवाला आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड अशा चार फेरीबोटी घेतो. धोपावे आणि तवसाळ ही दोन्ही तुमच्याच तालुक्यात. मुंबईहून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी याच टापूत पोचतो, पुण्याहून कुंभार्ली घाट उतरून आलेलाही. शेवटची फेरी चुकली की त्याला रात्रीचं ठिकाण शोधावंच लागतं. पण सगळा हिशेब फेरीबोटीवर मांडू नका. रेवस–रेडी सागरी महामार्गात या खाड्यांवर पूल योजलेले आहेत, आणि पूल झाला की माणूस न थांबता पुढे जाऊ शकतो. मुक्कामाचं कारण तुमच्या जागेतच असायला हवं.

ते कारण काय, तर दिवसभर २५०-३०० किलोमीटर चालवून आलेल्या माणसाला झुंबर नको असतं. त्याला बाइक डोळ्यांसमोर उभी हवी, जमीन सपाट आणि कोरडी हवी, संडास स्वच्छ हवा, अंगभर गरम पाणी हवं, घामेजलेलं जॅकेट आणि बूट वाळत घालायला दोरी हवी, आणि पहाटे सहाला चहा-पोहे हवेत, कारण सातला त्याला निघायचं असतं. दुसरी गोष्ट, आपल्याकडे स्वतःचा तंबू घेऊन फिरणारे रायडर अजून थोडेच आहेत. त्यामुळे पुढेमागे आठ जागा केल्यात तर पाच मोकळ्या ठेवा, तीन ठिकाणी साधे तिघांचे तंबू गादीसह लावून ठेवा, आणि पक्क्या छपराची एक पडवी करा, जिथे आठ-दहा जण पथारी टाकू शकतील. ही पडवी चैनीची नाही. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस विजांसह येतो आणि उघड्या सड्यावर तंबूत थांबणं जिवावरचं असतं. ढग गडगडले की सगळ्यांना तिथेच आणायचं.

आता कातळ. चिरंजीवांनी मैदान बघितलं असेल, खुंटी ठोकून बघितली आहे का? जांभ्यात तंबूची खुंटी जात नाही, वाकते. उपाय दोन. पहिला, जांभ्याच्या चिऱ्यांची कड बांधून आत ९ इंच लाल माती भरणं. ४ × ५ मीटरच्या एका जागेला दीड ब्रासहून थोडी जास्त माती लागते. बाहेरून आणणार असाल तर ती गौण खनिजात मोडते, तहसीलचा परवाना घ्या, नाहीतर गाडी अडते. कड उताराच्या बाजूला पक्की हवी आणि मातीवर हरळी रुजवायला हवी, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात माती खालच्या वाडीत जाते. मातीला शेकडा एक-दोन इतकाच उतार ठेवा, म्हणजे पाणी निघून जाईल पण झोपलेला माणूस घसरणार नाही. दुसरा उपाय म्हणजे कातळात भोकं पाडून १० मिलिमीटर सळईच्या कड्या सिमेंटने बसवणं. हा स्वस्त पडतो, पण प्रत्येक तंबूचं माप वेगळं, त्यामुळे कडी नेमकी हवी तिथे नसते. सोबत प्रत्येकी तीन-चार मीटरच्या जादा दोऱ्या ठेवाव्या लागतात. त्या दोऱ्यांना रात्री चमकणारी पट्टी लावा, नाहीतर कोणी ना कोणी अडखळून पडतोच.

बाइकची जागा तंबूच्या जागेहून वेगळी आणि कडक हवी. रॉयल एनफिल्डच्या हिमालयनसारखी गाडी सामान चढवल्यावर सहज २०० किलोच्या वर जाते, आणि यातलं बरंच वजन साइड स्टँडच्या दोन इंची टोकावर येतं. भिजलेल्या मातीत ते टोक रात्रीतून रुततं आणि पहाटे गाडी आडवी. प्रत्येक जागेला ८ × ४ फुटांचा, ४ इंच जाडीचा काँक्रीटचा तुकडा पुरतो. त्याचा उतार उजवीकडे नको, गाडी स्टँडवर सरळ उभी राहून पलीकडे पडते. पुढच्या बाजूलाही नको, स्टँड आपोआप मिटतो. तंबूपासून अंतर दीड-दोन मीटर ठेवा आणि गाडीची डावी, म्हणजे झुकलेली बाजू तंबूकडे येऊ देऊ नका, म्हणजे पडलीच तर झोपलेल्या माणसावर पडणार नाही. आणि तापलेला सायलेन्सर वाळल्या गवताला लागता कामा नये. मार्चनंतर सड्यावर वणवा पेटायला तेवढं पुरतं. हद्दीभोवती तीन मीटर रुंदीचा पट्टा साफ ठेवा आणि शेकोटीला एकच बांधलेली जागा द्या.

फाटकापासून आतला रस्ता हा सगळ्यात जास्त फजिती करणारा भाग. दिसायला छान म्हणून सुटी खडी पसरतात, आणि चढावर वळताना थकलेला माणूस नेमका तिथेच आडवा होतो. मुरूम टाकून रोलर फिरवा, किंवा चढापुरती काँक्रीटची पट्टी करा. रुंदी तीन मीटर, चढ दहा फुटांना एक फुटाहून जास्त नको.

झाडांखाली सावली मिळते. मे महिन्यात सकाळी आठनंतर उघड्यावरच्या तंबूत बसवत नाही, त्यामुळे काजूंच्या पश्चिम बाजूची सावली वाया घालवू नका. माडाखाली मात्र तंबू नकोच. फुरशाचं, त्या विषारी सापाचं, तुम्हाला मी सांगायला नको, पण पुण्याच्या पाहुण्याला ते माहीत नसतं. ते दगडांच्या फटीत आणि जुन्या गडग्यात (दगडी कुंपणात) बसतं, म्हणून जागांच्या आसपास सुट्या चिऱ्यांचे ढीग ठेवू नका, गवत घोट्याच्या खाली ठेवा, संडासापर्यंतच्या वाटेवर दिवे लावा. बूट बाहेर काढून ठेवले असतील तर सकाळी झटकून घालायचे, हे फळ्यावर लिहा, कारण विंचूही असतो. सर्पदंशाची लस कुठल्या रुग्णालयात कायम असते ते आजच जाऊन विचारून ठेवा. नुसता रुग्णालयाचा फलक बघून गृहीत धरू नका. मुलाने प्रथमोपचाराचं प्रशिक्षण रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सकडून घ्यावं. या धंद्यात ते आयटीआयच्या प्रमाणपत्राइतकंच उपयोगी आहे.

पाणी. सोळा माणसं राहिली तर माणशी ७० लिटर धरून ११०० लिटर, स्वयंपाक आणि भांडी ३००, गाड्या पुसायला दीड-दोनशे. म्हणजे भरल्या दिवशी सुमारे १६०० लिटर. २००० लिटरच्या दोन टाक्या ठेवा. पण खरा प्रश्न टाकीचा नाही, विहिरीचा आहे. मे अखेरीला तुमच्या विहिरीत किती हात पाणी उरतं आणि उपसल्यावर किती तासांत भरतं, हे मोजल्याशिवाय एकही चिरा रचू नका. फेब्रुवारीनंतर गाडी धुणं बंद, फक्त बादली आणि फडकं. जांभा सच्छिद्र असतो, वरचं घाण पाणी त्यातून सरळ विहिरीत उतरतं. म्हणून सेप्टिक टँक आणि शोषखड्डा विहिरीपासून किमान २० मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला. गाडी धुण्याच्या जागेचं तेलकट पाणीही दोन कप्प्यांच्या खड्ड्यातून सोडा: पहिल्यात माती बसते, दुसऱ्यात तेल वर तरंगतं, ते काढून घ्यायचं.

सोळा माणसांना तीन संडास आणि तीन न्हाण्या, त्यातला एक जोड बायकांसाठी वेगळा आणि आतून नीट कडी लागणारा. बायका बाइकवरून फिरतात, आणि ग्रुपने पुन्हा यायचं की नाही हे बहुतेक वेळा संडासावरून ठरतं.

विजेच्या बाबतीत एकच: कातळात अर्थिंग लागत नाही. उन्हाळ्यात कोरड्या जांभ्याचा रोध वाढतो. खड्डा मातीच्या पट्ट्यात घ्या, कोळसा-मीठ घाला, मार्च ते मे त्यात पाणी ओतत राहा आणि ३० मिलिअ‍ॅम्पिअरची आरसीसीबी (शॉक लागताच वीज तोडणारं बटण) बसवा. मोबाइल आणि हेल्मेटमधले इंटरकॉम चार्ज करायला कुलूपबंद कप्पे पडवीतच द्या, तंबूपर्यंत वायरी ओढू नका.

इथवरचं कोणीही पैसे टाकून करू शकतो. तुमच्या मुलाकडे जे जास्तीचं आहे ते त्याच्या हातात आहे, आणि पत्रातल्या बेतात त्याचा उल्लेखच नाही. रात्री सातला आलेल्या गाडीचा पंक्चर काढून देणारा, क्लच केबल बदलून देणारा माणूस असलेली कॅम्पसाइट रायडर एकमेकांना सांगतात. एक टेबल, पाने-सॉकेटचा संच, टायर लिव्हर, छोटा कॉम्प्रेसर, ट्यूबलेस टायरचं भोक बुजवायच्या वाती. ट्यूब १७, १८, १९ आणि २१ इंची, चारही. गावातल्या पंक्चरवाल्याकडे २१ इंची सहसा नसते, आणि जुन्या हिमालयनचं पुढचं चाक ९०/९०–२१ असतं. डॉट ४ ब्रेक ऑइल, फ्यूज, स्पार्क प्लग, एक-दोन प्रकारच्या केबल. चेन साफ करायला रॉकेल किंवा डिझेल आणि नायलॉनचा ब्रश. पेट्रोलने चेनमधल्या रबरी ओ-रिंग खराब होतात. मग ईपी ९० गिअर ऑइल, तेही संध्याकाळी चेन गरम असताना, म्हणजे रात्रभर मुरतं आणि सकाळी मागच्या चाकावर उडत नाही. याचे ५०-१०० रुपये वेगळे घ्यावेत. बाटलीतून पेट्रोल मात्र विकायचं नाही, तो गुन्हा आहे. जवळच्या पंपांची अंतरं आणि फेरीबोटीच्या वेळा फळ्यावर लिहिल्या की पुरे.

आता हिशेब. माझी गृहीतकं सांगतो, तुमचे आकडे घालून पुन्हा मांडा. आठ जागा, ऑक्टोबर ते मे. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या मिळून ७० रात्री, सरासरी ८ माणसं. इतर १५० रात्री, सरासरी एक. एकूण ७१० मुक्काम. जागेचे ३५०, जेवणाचे २५०, नाश्त्याचे १०० असे माणशी ७०० धरले तर जवळपास ५ लाख. जेवणखाण आणि गॅस माणशी १५० म्हणजे १ लाख ६ हजार, मदतनीस आठ महिने ६४ हजार, वीज-टँकर-दुरुस्ती ८० हजार. हातात सुमारे २ लाख ४६ हजार. आता १२ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता दरमहा साडेवीस हजार, वर्षाला पुन्हा तेच २ लाख ४६ हजार. मुलगा बँकेसाठी राबेल. सजवलेल्या तंबूंचं कापड कोकणातल्या ऊन-पावसात दोन-तीन हंगामांत विरतं, हप्ते मात्र सातव्या वर्षापर्यंत चालतात.

म्हणून पहिल्या टप्प्यात चार जागा, दोन संडास, दोन न्हाण्या, पडवी, पाणी, हत्यारं. साडेतीन-चार लाखांच्या आत बसवा. कर्ज लागलंच तर पीएमईजीपीमध्ये (केंद्राच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात) सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो आणि ग्रामीण भागात खुल्या गटाला २५ टक्के, महिला आणि मागासवर्गीयांना ३५ टक्के अनुदान असतं. पण ते नव्याच उद्योगाला मिळतं, आधी नोंदणी करून सुरू केलेल्याला नाही. २०२३ च्या ‘आई’ पर्यटन धोरणात महिलेच्या नावावरच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज परत मिळण्याची सोय आहे.

आईवरून आठवलं. तुमच्या पत्रात मुलाच्या आईचं नाव एकदाही नाही. पहाटे सहाचे पोहे आणि रात्रीचं माशांचं जेवण कोण करणार? त्यांनीच करायचं असेल तर त्यांना आधी विचारा, आणि हिशेबात त्यांची मजुरी किंवा भागीदारी मांडा. माझ्या आकड्यांत ती धरलेली नाही.

कागदपत्रांत पहिला अडथळा ७/१२ चा. चारही जणांची स्टँप पेपरवर लेखी संमती हवी, नाहीतर बँकही दारात उभं करत नाही. भोगवटादार वर्ग १ की २ आणि इतर हक्कांत कुळाची नोंद आहे का ते तलाठ्याकडून बघून घ्या. जमीन समुद्र किंवा खाडीच्या जवळ असेल तर सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम) तपासा. विरळ वस्तीच्या गावांत समुद्राच्या भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामाला मज्जाव आहे. २०२० च्या राज्याच्या कृषी पर्यटन धोरणात किमान १ एकर शेती लागते, तुमची ४२ गुंठे त्यात बसते. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करायची. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणि अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी घ्यावी. परदेशी पाहुणा राहिला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. दारू परवान्याशिवाय द्यायची नाही, आणि रात्री दहानंतर गाडी सुरू करून दाखवायची नाही हा नियम फाटकावरच लावा. वाडी विरोधात गेली की धंदा बसतो.

मुंबईच्या नोकरीबद्दल: सध्याची नोकरी लगेच सोडू नये. येत्या ऑक्टोबर ते डिसेंबर चार-सहा शनिवारी, ओळखीच्या रायडरांना तीन तंबूंत उतरवून बघा. मालकाकडून शनिवारची सुट्टी मिळत नसेल, तर शनिवारी रात्री घरचे सांभाळू शकतात का, हेही तेव्हाच कळेल. जमलं नाही तर मेकॅनिकची कला हातात आहेच, आणि मातीच्या चौकटी पुढच्या पावसाळ्यात भाजीला कामी येतील.