गोव्यात बरीच वर्षं उभी असलेली, इंजिन जाम झालेली सॅन स्टॉर्म कार स्वस्तात मिळतेय. बॉडी एकदम छान आहे म्हणतात. घ्यावी का, आणि खर्च किती येईल? मी खानापूरचा आहे. बेळगावात हे काम होईल का, की गाडी सरळ पुण्याला न्यावी?

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा तुकडा वाचला आणि लिहायला बसलो. खानापूरचा माणूस इंजिनच्या कामासाठी पुण्याचं नाव घेतो हे मला सहन होत नाही. बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पलीकडे उद्यमबागेच्या कारखान्यांत कधी चक्कर मारली आहे का? तिथे आणि मच्छ्यात क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) तयार होतात, हायड्रॉलिकचे पंप नि सिलिंडर तयार होतात, ओतीव काम तर पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. हत्तरगीच्या सेझमध्ये विमानांचे सुटे भाग बनतात. मायक्रॉनमध्ये बोलणारी माणसं इथे घरोघरी सापडतात. माझे वडील त्यातलेच. आयुष्यभर क्रँक ग्राइंडिंग केलं त्यांनी. त्यामुळे काम होईल का याचं उत्तर, होईल. माझ्याच घरी झालंय, याच गाडीचं.

ती गाडी माझ्या आतोबांची. म्हापशात राहायचे. स्टॉर्म 1998 ला बाजारात आली, बेंगळुरूच्या सॅन मोटर्सची. दोन माणसांची, फायबरच्या बॉडीची, रेनॉचं 1,149 सीसीचं पेट्रोल इंजिन, 60 हॉर्सपॉवर. आकडा ऐकून लोक तोंड वाकडं करतात, पण गाडी हलकी आहे, बसायची जागा जमिनीलगत आहे, आणि घाटात तेवढी ताकद भरपूर होते. आतोबांनी ती हौसेने घेतली, हौसेने चालवली. पुढे त्यांची तब्येत गेली आणि गाडी घराच्या बाजूला पत्र्याखाली उभी राहिली ती राहिलीच. आतोबा गेल्यावर आत्या म्हणाली, "तू घेऊन जा, मला ती रोज बघवत नाही."

आतेभाऊ पुण्यात असतो. त्याच्या ओळखीत गॅरेजवाले आहेत, आणि त्याचं मत पहिल्या दिवसापासून पक्कं होतं: हे इंजिन फेकून दे, मारुती झेनचं नाहीतर एस्टीमचं टाक, महिन्याभरात गाडी रस्त्यावर. "बेळगावात कोण करणार याचं? रेनॉचं इंजिन आहे ते." हे वाक्य वडिलांसमोर म्हणाला तो. वडील काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून बोअर गेजची, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास मोजायच्या हत्याराची, लाकडी पेटी काढली.

चोर्ला घाटाच्या रस्त्याने रिकव्हरीच्या गाडीवर घालून आणली आणि बेळगावात अनगोळला घरामागच्या शेडमध्ये लावली. त्याआधी म्हापशात कुणीतरी बॅटरी लावून स्टार्टर मारून बघितला होता. जाम इंजिनवर स्टार्टर मारणारा माणूस मिस्त्री नव्हे. पिस्टनची रिंग गंजून बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, धरलेली असते, तिथे झटका दिला की रिंग तुटते आणि बोअरला ओरखडा देते. मग जो ब्लॉक नुसत्या होनिंगवर (आतून हलकं घासण्यावर) भागला असता त्याला बोरिंग (भोक कापून मोठं करणं) लागतं. आम्ही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आणि अॅसिटोन मिसळून ओतलं आणि मुरू दिलं. मग क्रँक पुलीच्या बोल्टला लांब दांडा लावून हलकेच दाबून बघायचं. हललं तर हललं, नाहीतर पुन्हा ऑइल. आमचं अगदी थोडं हललं आणि अडलं. तिथे थांबलो आणि हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं.

हेड काढल्यावर सगळा इतिहास समोर आला. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मध्ये गॅस्केट गेलेलं. तीन नंबरच्या बोअरमध्ये रिंग जिथे थांबली होती तिथे गंजाचा तांबडा पट्टा. हेडमधले पाण्याचे मार्ग कडेने खाल्लेले, बोटाने दाबलं की पांढरी भुकटी हाताला येत होती. गाडीत कूलंट कधी पडलेलंच नव्हतं, वर्षानुवर्षं नुसतं पाणी. अॅल्युमिनियमच्या हेडला नुसतं पाणी हळूहळू खातं, आणि गाडी उभी राहिली की ते काम अजून निवांत चालतं. ते हेड इथेच आर्गन वेल्डिंगने भरून घेतलं, फेसिंग मारलं, प्रेशर टेस्ट केली, व्हॉल्व्ह सीट कापून घेतल्या. आतेभाऊ फोनवर म्हणत होता नवीन हेड मागव. कशाला? वेल्डरने बीड कसे टाकले ते बघून वडिलांनी त्याला चहा पाजला, एवढं सांगतो.

आता क्रँक. खालचं ऑइलचं चेंबर उघडलं तर तळाशी दुधाळ चिखल. म्हणजे पाणी ऑइलमध्ये उतरलेलं, आणि ते घेऊन इंजिन इतकी वर्षं बसलेलं. क्रँक बाहेर काढून रॉकेलने धुतला आणि व्ही ब्लॉकवर ठेवला. वडिलांनी जुन्या बनियनच्या फडक्याने एकेक जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) पुसलं, मग अंगठ्याचं नख आडवं फिरवलं. नख अडकलं की तिथे खडूची खूण. मग मायक्रोमीटर. प्रत्येक जर्नलवर तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी आडवं नि उभं. चष्मा कपाळावर सरकवून मायक्रोमीटर डोळ्याजवळ धरायचे, आकडा बोलायचे, मी शेडच्या दारावर खडूने लिहायचो. एका बिग एंडच्या, म्हणजे पिस्टनचा दांडा बसतो त्या जर्नलच्या, कडेला पाण्याने खाल्लेले बारीक ठिपके होते. बाकी सगळं कंपनीच्या मापात.

तेवढ्यात आतेभावाने पुण्याच्या गॅरेजवाल्याचा सल्ला कळवला: ठिपके आहेत ना, मग सगळा क्रँक पंचवीसने घासून घे. म्हणजे 0.25 मिलिमीटर. मारुतीच्या इंजिनला हे चालतं, कारण त्या मापाची बेअरिंग बेळगावच्या खडेबाजारात उभ्या उभ्या मिळते. या गाडीला ती कोण देणार? वडिलांचा नियम असा की बेअरिंग हातात आल्याशिवाय क्रँकला दगड लावायचा नाही. घासून बसलात आणि त्या मापाची बेअरिंग मिळालीच नाही, तर चांगला क्रँक भंगारात गेला. तो पुन्हा जाड होत नाही. त्यांनी ते जर्नल नुसतं पॉलिश केलं, नख अडकायचं थांबलं, माप पुन्हा घेतलं, स्टँडर्डच्या हद्दीतच होतं. बोअरचंही तसंच. मूळ माप 69 मिलिमीटर, स्ट्रोक 76.8. बोअर गेज वर, मध्ये, खाली फिरवला तर ओव्हॅलिटी, म्हणजे गोलाईतला फरक, मर्यादेत. होनिंग केल्यावर तो तांबडा पट्टा गेला, राहिली फक्त फिकट सावली. बोरिंग नाही, नवे पिस्टन नाहीत.

म्हणून सांगतो, पार्ट मागवायच्या आधी मापं घ्या. या एका गोष्टीवर माझा आतेभावाशी आजही वाद आहे. पुण्यातल्या मोठ्या गॅरेजांना वाईट म्हणत नाही, पण बदलणं आणि दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत. ज्या गाडीचे पार्ट दुकानात नाहीत तिला दुरुस्त करणारा माणूस लागतो, आणि तो इथे आहे.

पार्टची वाट सांगतो, कारण ती शोधण्यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. 'स्टॉर्म' नावाने काही शोधू नका. इंजिनचा कोड डी-7-एफ आहे. युरोपात हेच इंजिन रेनॉच्या ट्विंगो आणि क्लिओमध्ये 1.2 लिटर आठ व्हॉल्व्ह म्हणून लागायचं, तिथे या गाड्या भरपूर खपल्या. त्या नावाने रिंगा, बेअरिंग, गॅस्केट सेट, टायमिंग बेल्ट सगळं मिळतं. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप एकदमच मागवा आणि जुना बेल्ट बाहेरून कितीही चांगला दिसला तरी ठेवू नका. कस्टम ड्यूटी लागते, ती धरून हिशेब करा. आपल्याकडच्या लोगनचं 1.4 इंजिन वेगळं आहे, रेनॉचंच म्हणून कुणी त्याचे पार्ट गळ्यात मारले तर घेऊ नका.

पेट्रोलची टाकी उतरवून धुवा, जुन्या पेट्रोलचा डिंक होतो आणि इंजेक्टर तुंबवतो. रबरी नळ्या सगळ्या नव्या आणि इथेनॉल सोसणाऱ्या घाला. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, तेव्हाचं रबर त्यासाठी नव्हतं. पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून स्टार्टर फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मगच प्लग लावा.

आमची सुरू झाली तेव्हा वडील टॅपेटचा आवाज ऐकत बॉनेटपाशी उभे राहिले आणि बराच वेळ हललेच नाहीत. पुढे जांबोटीवरून कणकुंबीपर्यंत नेली, मग चोर्ला उतरून पुन्हा चढवली. भर उन्हात, दुसऱ्या गिअरमध्ये. तापमानाचा काटा अर्ध्यावर गेला नाही. आत्याला म्हापशातून बसवून आणलं त्याच गाडीतून.

आता घ्यावी का. इंजिन जाम आहे म्हणून सोडू नका. पण तुम्ही पाठवलेल्या माहितीत नुसतं इंजिनबद्दलच आहे आणि बॉडी 'एकदम छान' असं. फायबरची बॉडी छान दिसणारच, ती गंजत नाही. आतला सांगाडा लोखंडी आहे आणि गोव्याची हवा खारी. जॅकवर उचलून, टॉर्च घेऊन खाली झोपा, सस्पेन्शन जिथे सांगाड्याला बसतं तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. आत गेला तर फुकट दिली तरी घेऊ नका. फायबरला तडे असतील तर घाबरायचं कारण नाही, गोव्यात होड्यांचं फायबर काम करणारे लोक ते सुंदर करतात, कारच्या पेंटरपेक्षा कितीतरी चांगलं. समोरची काच मात्र शाबूत हवी. ती फुटलेली असेल तर आधी काच कुठून मिळणार ते शोधा, मग बयाणा द्या.

कागद. गाडी पंधरा वर्षांच्या वरची आहे, तेव्हा आरसीची मुदत आधी बघा. संपली असेल तर फिटनेस करून नूतनीकरण, आणि त्याची फी आता जड आहे. 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या कारला 5,000 रुपये, आणि 2025 च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या कारला 10,000. गोव्याच्या आरटीओची एनओसी फॉर्म 28 वर घ्या, बारा महिन्यांच्या वर गाडी इकडे ठेवायची तर केए-22, म्हणजे बेळगावची नोंदणी, करून घ्यावीच लागते, आणि कर्नाटकचा रोड टॅक्स भरावा लागतो. आपल्या भागात एमएच आणि जीए पाटीच्या गाड्या वर्षानुवर्षं फिरतात म्हणून आपणही फिरवू, असं करू नका. अशा गाडीकडे प्रत्येक पोलिसाचं लक्ष जातं.

खर्च किती, हे तुम्ही विचारलं होतं. आकडा सांगत नाही, कारण तो तुमच्या क्रँकवर आणि सांगाड्यावर ठरेल. इंजिन बदलण्यापेक्षा आम्हाला जास्त खर्च आला, आतेभाऊ याबाबतीत बरोबर आहे. आणि रोज ऑफिसला जायला गाडी हवी असेल तर ही घेऊ नका. एक सेन्सर गेला की पार्ट येईपर्यंत ती शेडमध्येच. शिवाय माझ्याकडे मजुरी न घेणारे वडील होते, तुम्हाला प्रत्येक मापाचे पैसे मोजावे लागतील. तेही धरा.

पण झेनचं इंजिन टाकू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन परवानगी घेऊन बसवता येतं, दुसऱ्या कंपनीचं नाही. अपघात झाला तर विमा कंपनी आधी इंजिन नंबर बघते. आतेभाऊ हे वाचेल म्हणून लिहून ठेवतो: फिटनेसच्या वेळी इन्स्पेक्टरने ब्लॉकवरचा नंबर घासून बघितला, आरसीशी ताडला आणि सही केली.